काळी कडा

शून्य

दादा माझ्याकडे पाठ करून उभा होता. दोन बिटं दोन चिमटींत धरून उजेडात पाहत होता. मी हाक मारली नाही. बाजूने पुढे गेले, त्याला दिसेन अशी उभी राहिले, त्याने मान वर केली, मग बोलले.

"कोणतं लावतोस?"

"तूच सांग. नागपूर रिटर्न."

"मी तिथे कारखान्यात ऑपरेटर होते, दादा. मंत्री नव्हते."

"ऑपरेटर म्हणजे मोठा माणूस. बटन दाबायचं अन् चहा प्यायचा." त्याने दोन्ही बिटं माझ्या तळहातावर ठेवली. "हे तीन धारांचं, हे दोन. सागाच्या कडा कापायच्या आहेत. बोल."

"तीन. कड साफ येईल."

"तुला पगार कोण देत होतं गं?" तो हसला. "धारा वाढल्या की एकेकीच्या वाट्याला घास लहान येतो. मग बिट कापत नाही, नुसतं रगडत बसतं. रगडलं की तापतं. दोनच धारा लाव. फेरे अठरा हजार. अन् फीड असा ठेव, की पळालं पाहिजे. पंचवीसशे."

बिट म्हणजे मशीनचं कापणारं टोक. फेरे म्हणजे ते स्वतःभोवती किती वेगाने फिरतं ते. फीड म्हणजे ते लाकडातून पुढे किती वेगाने सरकतं ते, मिनिटाला इतके मिलिमीटर. नवख्या माणसाला वाटतं, फीड कमी केला की धोका कमी. उलटं असतं. बिट फिरतंय जोरात आणि पुढे जात नाही, म्हणजे एकाच जागी घासतंय. लाकडाला आग लावायची जुनी रीत ती हीच.

दादाने मशीन चालू केलं. छोटंसंच सीएनसी राउटर, दिलेल्या आकड्यांवर लाकूड कोरणारं, दाराची फळी जेमतेम मावेल एवढं. बिट सागात शिरलं आणि एकसुरी गुणगुणायला लागलं. त्याने खाली पडलेला भुसा चिमटीत घेऊन माझ्यासमोर धरला.

"बघ. रवा. रवा पडला तर कापलं. मैदा पडला तर जाळलं."

"आवाजही चांगला येऊन राहिला," मी म्हणाले.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हो," म्हणाला.

मशीन एका दमात आरपार जात नाही. एकाच रेघेवरून पुन्हा पुन्हा जातं, दर खेपेला तीन मिलिमीटर खोल. मला त्या उन्हाळ्याबद्दल दुसऱ्या कुठल्या रीतीने सांगता येत नाही.


तीन मिलिमीटर. फीड पंचवीसशे

दादा माझ्याकडे पाठ करून उभा होता, आणि बिट किंचाळत होतं.

मी अंगणात फळ्या मोजत होते, तिथवर आवाज आला. धार गेली की बिट असं ओरडतं, दातांत शिरणारं. कोणीही लाल बटनावर हात मारेल. मी धावत आले. दादा तसाच उभा, डावा हात टेबलावर टेकवलेला. मी बाजूने पुढे जाईपर्यंत कट्‌कन आवाज झाला आणि बिटाचं टोक उडून भिंतीत रुतलं.

मी मागून ओरडू शकले असते. आमच्यात ओरडत नाहीत.

सिंदेवाहीच्या रस्त्याला आमचा लाकूड कापायचा आरा होता, आजोबांपासून. पात्यावर उभ्या असलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हा त्या आऱ्यावरचा पहिला नियम. दचकला तर हात जातो. समोर जायचं, दिसायचं, मग बोलायचं. लहानपणी मी एकदा वडिलांना, अण्णांना, मागून हाक मारली होती, "अण्णा, जेवायला चला." आईने सगळ्या मजुरांसमोर थोबाडीत दिली. अण्णा मात्र शांतपणे ओंडका पुढे ढकलत राहिले, काही झालंच नाही असे.

"ओरडत होतं ना ते," मी दादाला म्हणाले. "थांबवलं का नाहीस?"

"गाठ लागली असेल."

"गाठीचा आवाज वेगळा असतो."

"अगं, लक्ष नव्हतं. जाऊ दे." त्याने नवं बिट बसवलं. त्या आठवड्यात तेही तुटलं. मग त्याच्यानंतरचं.

मग त्याने फीड कमी केला.


सहा मिलिमीटर. फीड अठराशे

दादा माझ्याकडे पाठ करून उभा होता. कानांवर ते मोठे पिवळे मफ चढवलेले. मशीनचा आवाज कानाला बरा नाही म्हणून मीच नागपूरहून आणले होते. पूर्वी हात लावत नव्हता, आता उतरवत नव्हता.

"जेवायला बसले तरी गळ्यात," उज्ज्वलावहिनी म्हणाल्या. त्या चहा घेऊन आल्या होत्या, आणि आम्ही दोघी दारात उभ्या होतो. "काल देवासमोर म्हटलं, आता तरी काढा, देव काय करवत चालवतो का? तर नुसते हसले."

"तुमच्याशी बोलतो का?"

"बोलतात. मी समोर असले तर. पाठ फिरवून काही विचारलं तर उत्तर नाही. फोन वाजला की, तू घे. रेवती काल कविता म्हणून दाखवत होती, हे उठून गेले. पोरगी रडली." वहिनींनी कपावर बशी झाकली. "तुमच्या अण्णांसारखेच होऊन राहिले, नलूताई. तोच ताठा."

अण्णांचा ताठा गावात प्रसिद्ध होता. बोलावलं तर वळायचे नाहीत. शेवटची काही वर्षं ते घरातही जवळजवळ बोलत नव्हते. मग एका सकाळी आऱ्यावर ओंडक्यांची थप्पी सुटली. अण्णा तिच्याकडे पाठ करून उभे होते. यार्डातले सगळे ओरडले, नियम विसरून ओरडले. अण्णा जागचे हलले नाहीत. लोक म्हणाले, माणसाचं भरलं की पाय जमिनीला चिकटतात.

मी समोर जाऊन दादाला कप दिला. खाली वाकून भुसा उचलला. चिमटीत काही लागलंच नाही. मऊ, तपकिरी, बोटांच्या रेषांत बसणारा.

"मैदा," मी म्हणाले.

"बिटं तुटतात, नलू."

"फीड वाढव. तुझंच सांगणं आहे."

"सांगणारा मीच ना? मग कमी करणाराही मीच."

कापलेल्या कडेला एक बारीक काळी रेघ होती, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी.


नऊ मिलिमीटर. फीड बाराशे

दादा पाठ करून उभा होता, म्हणून रामटेकेताईंना वाटलं, याला आपल्याशी बोलायचं नाही.

काम त्यांच्या विहाराचं होतं. सागाचे दोन दरवाजे, प्रत्येकात कमळाची आणि पिंपळपानांची कोरीव चौकट. बुद्धपौर्णिमेला बसवायचे होते. रामटेकेताई शाळेतून निवृत्त झालेल्या, समितीच्या अध्यक्ष, पांढरी साडी आणि हातात कायम ओला रुमाल, कारण त्या दिवसांत आमच्याकडे सावलीतसुद्धा लोखंडाला हात लावता येत नव्हता.

त्यांनी तयार चौकटीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यापुढे धरलं.

"कमळाला काजळ कायले घातलं, नलूबाई? दृष्ट लागते म्हणून?"

"पॉलिशला निघून जाईल, ताई."

"मी तीस वर्षं पोरांची उत्तरं तपासली. खोटं बोलताना पोरं आधी जमिनीकडे पाहतात." मी जमिनीकडे पाहत होते. त्या जरा मऊ झाल्या. "दिवाकरभाऊंच्या हातचं काम म्हणून आलो आम्ही. पण हे त्यांच्या हातचं नाही वाटत. काय झालं त्यांना? पितात काय?"

"नाही हो."

"मग तुम्ही चालवा. तुम्हाला येते ना मशीन?"

"येतं."

"मग?"

मग काय, ते त्यांना कसं सांगणार. आरा बंद पडल्यावर दादा वर्षभर ओट्यावर बसून होता. मशीन आलं तेव्हा तो उठला. हातात काम नसलेला दादा मी पाहिला होता. वहिनींनी तेव्हा त्याच्या खोलीतून दोर, फिनेल, सगळं हलवलं होतं. त्याला मशीनवरून उठवायचं म्हणजे परत त्या ओट्यावर बसवायचं. आणि न उठवावं, तर ही काळी कडा दर फळीला थोडी जाड होत होती.

"बघते," मी म्हणाले.

त्या गेल्यावर मी ब्लोअरपाशी गेले. तो मशीनवरचा भुसा ओढून एका उंच कापडी थैलीत भरायचा. थैली दार आणि मशीन यांच्यामध्ये, दादाच्या पाठीमागे उभी असायची. मी तिला हात लावला.

उन्हाने सगळंच तापलं होतं. थैली त्याहून जास्त तापली होती.

मी ती बाहेर नेऊन रिकामी केली, भुशावर पाणी ओतलं. मधोमध काळा गोळा निघाला, मुठीएवढा. आऱ्यावरच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही, की भुशातली आग वरून दिसत नाही. ती आत चालत राहते, जागा मिळेपर्यंत.

मी तो गोळा दादाला दाखवला. त्याने तो बोटांत दाबून फोडला.

"उद्या फीड वाढवतो," म्हणाला.


बारा मिलिमीटर. फीड आठशे

दादा माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि स्क्रीनवर आठशेचा आकडा होता.

दुपार होती. शेवटची चौकट लागली होती. सकाळी मी वहिनींना म्हणाले होते, "आज मी त्याला उठवते." वहिनी भाकरी थापत होत्या. थांबल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "हळू सांगा. अन् सांगून एकटं सोडू नका."

दारात आले तेव्हा काय बोलायचं ते ठरलं होतं. दादा, दोन दिवस मी बघते, तू आराम कर. मग दोन दिवसांचे चार होतील. असं काहीतरी. भित्र्या माणसाची वाक्यं.

ब्लोअर घोंघावत होता. बिट गुणगुणत नव्हतं, कुरकुरत होतं, जडशी एक कुरकुर, जी ऐकून कोणत्याही ऑपरेटरने हात पुढे केला असता. दादाचा हात टेबलावर सपाट ठेवलेला. मान किंचित वाकलेली. एखाद्या आजारी माणसाच्या छातीवर हात ठेवून बसतात तसा.

मग मला थैली दिसली.

खालच्या बाजूला कापडाला एक तपकिरी डाग होता. रुपयाएवढा. मी पाहत असताना तो बशीएवढा झाला, आणि मधून धुराची एक बारीक वाट निघाली, सरळ वर. थैलीच्या एका बाजूला मी आणि दार. दुसऱ्या बाजूला दादा, भिंत, मशीन.

समोर जायला जागा नव्हती.

मी एक श्वास थांबले. आईची थोबाडीत गालावर होती.

"दादा!"


पंधरा मिलिमीटर. फीड

दादा माझ्याकडे पाठ करून

"दादा! आग!"

मफ. त्याच्या कानावर मफ आहेत, म्हणून. मी आणखी जोरात ओरडले, घसा फाटेपर्यंत, आणि आधाराला दाराच्या चौकटीला हात लावला, तर हाताला काहीतरी गुबगुबीत लागलं. पाहिलं. पिवळे मफ खिळ्याला टांगलेले होते.

त्याच्या कानांवर काही नव्हतं.

मी मेन स्विच ओढला. ब्लोअर घरघरत थांबला, बिट थांबलं, आणि त्या खोलीत असं शांत झालं, की पत्र्यावरच्या चिमणीची नखं ऐकू यावीत.

"दादा," मी म्हणाले. नेहमीच्या आवाजात.

तो वळला नाही. त्याने टेबलावरचा हात उचलला, पुन्हा ठेवला. मग खाली वाकून बिट फिरवणाऱ्या स्पिंडलकडे पाहायला लागला, का थांबलं म्हणून.

हवा बंद झाली तशी थैली खचली. खचताना डागाच्या जागी फाटली, आणि आतला मैदा बाहेर उडाला आणि उडता उडता पेटला. आवाज मोठा नव्हता. ओली चादर झटकल्यासारखा. मी त्यातून गेले. त्याचा सदरा मागून पेटला होता. मी त्याला कॉलरला धरून ओढलं तेव्हा कुठे तो वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती आधी, नुसता प्रश्न होता, काय गं, कधी आलीस?


अठरा मिलिमीटर. आरपार

दादा पालथा झोपला होता. चंद्रपूरच्या दवाखान्यात पाठीवर मलम आणि जाळीची पट्टी. मी पलंगाच्या कडेला खाली जमिनीवर बसले होते, म्हणजे माझं तोंड त्याच्या तोंडासमोर येईल.

"ओरडू नको," तो म्हणाला. "सावकाश बोल. ओठ दिसले की कळतं."

"कधीपासून?"

"एकदम नाही गेलं. आधी पाखरं गेली. मग रेवतीचा आवाज. मग बिटाचा."

"मग चालवत कसा होतास?"

"हाताने. नीट कापत असलं की टेबल एकसारखं थरथरतं. बिघडलं की हाताला कळतं. पण उशिरा कळतं. म्हणून फीड कमी केला. कळेपर्यंत वेळ मिळावा म्हणून."

"जळेल हे ठाऊक होतं तुला."

"तुला शिकवणारा मीच ना."

शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला कोणीतरी उसाचा रस पाजत होतं. दादा तिकडे पाहत राहिला. मी त्याच्या गालाला हात लावला, त्याने नजर परत आणली.

"अण्णा?" मी फक्त ओठ हलवले.



"तो नियम आठवतो? मागून हाक मारायची नाही."

"दचकला तर हात जातो."

"आपल्या आऱ्यावर हात गेलेला माणूस पाहिला तू कधी? एक तरी? आजोबांचे कान चाळिशीत गेले. बहिऱ्याच्या आऱ्यावर मजूर कोण उभा राहील? म्हणून त्यांनी नियम केला. मागून कोणी हाकच मारली नाही, तर ऐकू आलं नाही हे कळणार कोणाला? मग अण्णांचे गेले. त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं. तुझेही जातील. नियम सोडू नको. घरात कोणाला बोलू नको."

"अन् ओंडके सुटले तेव्हा?"

"ओरडलो ना. सगळ्यांत जोरात मीच ओरडलो." त्याचा आवाज सपाट होता. "त्यांना ऐकू येत नाही हे तिथे एकट्या मला माहीत होतं. धावायला पाहिजे होतं. मी उभा राहून ओरडत राहिलो, चारचौघांसारखा. त्यांचं गुपित राखत."

मी उठून त्याच्या उशाची चादर नीट केली आणि पुन्हा खाली बसले. 

"त्या दिवशी मला मशीनवरून उठवायला आली होतीस ना?" त्याने विचारलं.

"हो."

"चांगलं उठवलंस."

आणि तो हसला, पाठ दुखेपर्यंत.


टॅब. फीड सोळाशे

आरपार कापलेला तुकडा सुटून उडू नये म्हणून कडेला कुठे कुठे लाकडाचे बारीक पूल ठेवतात. त्यांना टॅब म्हणतात. मशीन ते तोडत नाही. शेवटी हाताने तोडायचे.

दादा ओट्यावर बसला नाही. आम्ही ठरवून टाकलं, की बिट, फेरे, फीड तो निवडेल आणि ऐकायचं मी. फळी पाहून, ठोकून, नखाने खरवडून तो आकडा सांगायचा, आणि मी मशीनपाशी उभी राहून बोटांनी खूण करायची: गुणगुणतंय, कुरकुरतंय, थांब. विहाराचे दरवाजे पौर्णिमेला लागले नाहीतच. रामटेकेताईंनी त्या दिवशी पांढरा पडदा लावून वेळ निभावली आणि दरवाजे आले तेव्हा कडेवर बोट फिरवून नुसतं "हं" म्हणाल्या. नियम आम्ही मोडला. भिंतीवर दादाने स्वतःच्या हाताने पाटी कोरून लावली: इथे मागून हाक मारावी. गावातल्या लोकांना ती गंमत वाटायची.

पुढे काही वर्षांनी दादा गेला. पाटी आहे. रेवती आता माझ्याबरोबर काम करते, बापासारखीच बोटं.

परवा सकाळी मी फळीपाशी उभी होते, दाराकडे पाठ करून. दोन बिटं चिमटींत धरून उजेडात पाहत होते. मशीन सुरू केलं नव्हतं अजून. खांद्यावर हात पडला आणि मी केवढ्याने तरी दचकले.

रेवती होती. हातात कालची चौकट.

"आत्या, फीड कोणी कमी केला गं? हे बघ, कडेला काळं येऊन राहिलं."

मी चौकट हातात घेतली. टॅब तोडायचे बाकी होते. एक एक तोडायला लागले.

"अन् केव्हाची हाक मारून राहिले मी. दारातून. चार वेळा मारली."

मी तिच्या ओठांकडे पाहत होते. किती दिवसांपासून पाहत होते, ते मला तेव्हा कळलं.

"पंख्याच्या आवाजात आलं नाही गं," मी म्हणाले.

रेवतीने वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वर.

पंखा बंद होता.